अल्प किंमतीचें डी. व्ही. डी. यंत्र : त्याचे दोष व त्यांचें निदान

कोणतीहि वस्तु विकत घेणें आणि ती वस्तु बाळगणें ह्या दोन अगदीं भिन्न गोष्टी होत. विकत घेण्यास पैसा पुरतो. बाळगण्यास मात्र ज्ञान लागतें. ज्याला आपल्या वस्तूची रचना ठाऊक नसते, तो ती बिघडली म्हणजे दोहोंपैकीं एक गोष्ट करितो. एक तर तो रागावून ती अडगळींत टाकितो, नाहीं तर पहिल्या भेटेल त्या कारागिराच्या हवालीं करून तो मागेल तें मोल देतो. दोन्ही प्रकारीं नुकसान मालकाचेंच होतें. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका वस्तूचा विचार करणार आहों. ती वस्तु म्हणजे अल्प किंमतीचें डी. व्ही. डी. यंत्र.

"ह्या यंत्राचे दिवस तर संपले, मग त्याचा पाठ कशाला?" असें एखादा विद्यार्थी विचारील. प्रश्न रास्त आहे. आज चित्रपट व गाणीं लोक हातांतील फोनवर पाहतात, आणि नव्या संगणकांत तबकडी घालण्याची सोय बहुधा नसतेच. तथापि आपल्या घरचें कपाट एकदां उघडून पाहावें. सन २००५ ते २०१५ च्या सुमारास ज्या घरीं लग्न झालें, बारसें झालें, किंवा कोणाचा सत्कार झाला, त्या घरीं त्या प्रसंगाची एक तरी तबकडी बहुधा सांपडेल. त्या तबकडींत जीं माणसें हसतांना व बोलतांना दिसतात, त्यांपैकीं कांहीं आतां ह्या जगांत नाहींत. यंत्र बंद पडलें, आणि तें सुधारण्याचा विचार कोणीं केला नाहीं, म्हणजे तीं माणसें त्या घराला दुसऱ्यांदा अंतरलीं असें होतें. म्हणून यंत्र जुनें झालें तरी त्याच्या दोषांचें ज्ञान अद्यापि निरुपयोगी झालेलें नाहीं.

१. यंत्र स्वस्त कसें झालें

डी. व्ही. डी. तबकडीचें प्रमाण निरनिराळ्या कंपन्यांच्या संमतीनें सन १९९५ मध्यें ठरलें. पहिलीं यंत्रें १९९६ च्या नोव्हेंबर महिन्यांत जपानांत विक्रीस आलीं, व १९९७ सालीं तीं अमेरिकेंत पोंचलीं. त्या वेळीं तें श्रीमंतांचें खेळणें होतें. आपल्याकडे त्या काळीं व्हिडिओ सी. डी. चा प्रसार होता. हिचें प्रमाण १९९३ सालचें. तिच्यावर सुमारें ७४ मिनिटांचें चित्र मावे, आणि म्हणून एका हिंदी चित्रपटाला दोन किंवा तीन तबकड्या लागत. चित्र ऐन रंगांत आलें असतां उठून तबकडी बदलण्याचा प्रसंग आमच्या पिढीच्या चांगला स्मरणांत आहे.

पुढें दहा वर्षांच्या आंत किंमती झपाट्यानें उतरल्या. चीनमधील कारखान्यांतून यंत्रें लाखोंनीं बनूं लागलीं. पूर्वीं अनेक भागांनीं होणारें काम एकाच लहानशा चिपेंत सामावलें. आणि २००० ते २०१० ह्या दशकाच्या उत्तरार्धांत आपल्या बाजारांत दोन हजार रुपयांच्या आंतबाहेर डी. व्ही. डी. यंत्र मिळूं लागलें. तबकड्याहि स्वस्त झाल्या. मोझर बेअर ह्या भारतीय कंपनीनें २००७ सालीं चित्रपटाची व्हिडिओ सी. डी. २८ रुपयांस व डी. व्ही. डी. ३४ रुपयांस विकावयास आरंभ केला. तेव्हांपासून खेड्यापाड्यांतील सामान्य घरांतहि हें यंत्र दिसूं लागलें.

आतां विचार करा. किंमत एवढी उतरली ती कोणत्या भागांत काटकसर करून? मुख्य चिप आणि लेसरचा भाग हे स्वस्त व महाग यंत्रांत पुष्कळदां एकाच जातीचे असत. काटकसर होई ती विजेच्या पुरवठ्याच्या पट्टींत, कपॅसिटरांच्या दर्जांत, ट्रे ओढणाऱ्या रबरी पट्ट्यांत, रिमोटच्या बटणांत, आणि पेटीला हवा खेळण्यासाठीं ठेवावयाच्या जागेंत. यावरून एक महत्त्वाचा नियम निघतो : जेथें काटकसर केली, तेथेंच दोष आधीं उद्भवतो. ह्या यंत्राचे बहुतेक दोष त्याच्या मेंदूंत नसतात. ते त्याच्या हातापायांत असतात, आणि म्हणूनच ते पुष्कळदां थोडक्या खर्चांत दूर होतात.

२. तबकडी वाचली जाते कशी

दोष ओळखावयाचा तर निर्दोष क्रिया प्रथम समजली पाहिजे. डी. व्ही. डी. तबकडीचा व्यास १२ सेंटिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर असते. ही जाडी एकसंध नसते. प्रत्येकीं ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन पारदर्शक चकत्या एकमेकींस चिकटवून ती केलेली असते, आणि चित्राची नोंद असते ती मधल्या थरांत. ही नोंद म्हणजे अतिसूक्ष्म खळग्यांची एक लांबच लांब सर्पिल रेषा होय. ती मध्याजवळ सुरू होऊन कडेकडे जाते. तिच्या दोन शेजारच्या वेढ्यांत ०.७४ मायक्रॉन अंतर असतें. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग. मनुष्याच्या केसाची जाडी ७० मायक्रॉन धरली, तर एका केसाखालीं नव्वदांवर वेढे झांकले जातात!

ह्या रेषेवर यंत्र तांबड्या लेसरची शलाका टाकितें. तिची लहर ६५० नॅनोमीटरांची असते, सी. डी. करितां ७८० नॅनोमीटरांची निराळी लहर लागते, आणि त्यासाठीं पुष्कळ यंत्रांत दुसरा लेसर बसविलेला असतो. शलाका एका लहान भिंगांतून जाऊन नोंदीच्या थरावर एकवटते. परत येणाऱ्या प्रकाशाच्या कमीअधिकपणावरून यंत्र खळगे ओळखतें. भिंग सूक्ष्म तारांवर तोललेलें असून चुंबकाच्या योगें क्षणोक्षणीं वरखालीं व आजूबाजूस हालतें, कारण फिरणारी तबकडी थोडी तरी डोलतेच. आंतल्या वेढ्यांजवळ ती मिनिटास सुमारें चौदाशें फेरे करिते, आणि कडेजवळ सहाशेंहून कमी. कारण भिंगाखालून रेषा सदैव एकाच वेगानें सरकली पाहिजे.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही, कीं तबकडीच्या पृष्ठावर शलाका सुमारें अर्धा मिलिमीटर रुंद असते, आणि आंत पोंचेपर्यंत ती अतिशय निमुळती होते. म्हणून पृष्ठावर एखादा धुळीचा कण असला तरी वाचन अडत नाहीं. खिडकीच्या कांचेवर माशी बसली म्हणून अंगणांतलें झाड दिसेनासें होत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. दुसरी गोष्ट अशी, कीं नोंदीबरोबर कांहीं जादा अंक लिहिलेले असतात, व त्यांच्या साह्यानें यंत्र गळालेला मजकूर गणितानें भरून काढितें. ह्या गणिताचा पाया आर्यव्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन ह्या दोघां अमेरिकन गणितज्ञांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत घातला. रेषेवरील सुमारें सहा मिलिमीटर लांबीचा सलग भागहि अशा रीतीनें सांवरला जाऊं शकतो. परंतु सांवरण्यालाहि मर्यादा असते. ती ओलांडली म्हणजे चित्र प्रथम चौकोनाचौकोनांनीं फुटतें, मग थबकतें, आणि शेवटीं यंत्र "नो डिस्क" असें सांगून मोकळें होतें.

३. परीक्षेचा क्रम

आतां मुख्य विषयाकडे वळूं. दोषाचें स्थान तीन ठिकाणीं असूं शकतें : यंत्राबाहेर, तबकडींत, किंवा यंत्राच्या आंत. शोध ह्याच क्रमानें करावा, कारण ह्या क्रमानें खर्च वाढत जातो आणि धोकाहि वाढत जातो. दुसरा नियम असा, कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व काय घडलें तें कागदावर टिपून ठेवावें. तार बदलली, रिमोटची बटणें दाबलीं, तबकडी पुसली, हें सर्व एकदम केलें, आणि यंत्र चालूं लागलें, तर कोणत्या उपायानें गुण आला तें कळत नाहीं. उद्यां तोच दोष पुन्हां आला असतां आपण पूर्ववत् अज्ञानीच राहतों.

(अ) यंत्राबाहेरील दोष. प्रथम प्लग व सॉकेट पाहावे. दिवा लागत असून चित्र येत नसेल, तर तारांकडे लक्ष द्यावें. पिवळ्या टोंकाची तार चित्राची. तांबडी व पांढरी ह्या आवाजाच्या. टी. व्ही. च्या मागें ह्याच रंगांचीं भोकें असतात. आवाज येतो पण चित्र नाहीं, तर पिवळी तार संशयास्पद. एकाच बाजूनें आवाज येतो, तर तांबडी व पांढरी ह्यांची अदलाबदल करून पाहावी. अदलाबदलीनंतर मुकी बाजूहि बदलली, तर दोष तारेंत किंवा यंत्रांत आहे. न बदलली, तर तो टी. व्ही. त आहे. नव्या टी. व्ही. संचांत पुष्कळदां हीं तीन भोकें नसतात. कांहींत एकाच लहान छिद्रांत बसणारी जोडतार मिळते, तर कांहींत निराळा परिवर्तक घ्यावा लागतो. तेव्हां नव्या टी. व्ही. वर जुनें यंत्र दिसलें नाहीं, एवढ्यावरून तें बिघडलें असें मानूं नये.

चित्र कृष्णधवल दिसणें, सारखें वरखालीं सरकणें, किंवा एकाएकीं पूर्ण नाहींसें होणें हे पुष्कळदां मुळीं दोषच नव्हत. आपल्या देशांत टी. व्ही. ची पद्धति पाल नांवाची आहे, अमेरिकेची एन. टी. एस. सी. नांवाची. रिमोटवरील एखादें बटण चुकून दाबलें गेलें, कीं यंत्र दुसऱ्या पद्धतीनें चित्र पाठवूं लागतें. स्वस्त यंत्रांच्या रिमोटवर चित्राचा प्रकार बदलणारें बटणहि असतें. त्यानें यंत्र प्रोग्रेसिव्ह स्कॅनवर गेलें, म्हणजे पिवळ्या तारेवाटे चित्र येईनासें होतें. लहान मुलांच्या हातीं रिमोट पडणाऱ्या घरांत हा प्रकार वरचेवर घडतो. तेंच बटण एकेकदां थांबून थांबून दाबीत गेल्यास चित्र परत येतें. ह्या क्षुल्लक कारणासाठीं यंत्र डोक्यावर घेऊन तालुक्याच्या गांवीं गेलेलीं माणसें आम्हांस ठाऊक आहेत.

परदेशांतून आलेली तबकडी चालत नसेल, तर प्रदेशांकाचा विचार करावा. डी. व्ही. डी. साठीं जगाचे सहा प्रदेश पाडलेले आहेत. हिंदुस्थान पांचव्या प्रदेशांत मोडतो, आणि अमेरिका पहिल्यांत. पहिल्या प्रदेशाची तबकडी पांचव्याच्या यंत्रानें नाकारली, तर तो बिघाड नव्हे; तो विक्रीचा निर्बंध होय.

रिमोट चालत नसल्यास प्रथम सेल बदलावे व सेलांच्या टोंकांचा गंज खरवडावा. रिमोटच्या टोंकाशीं असलेला लहानसा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यांतून पाहावा. बटण दाबतांच तो लुकलुकतांना दिसला, तर रिमोट जिवंत आहे. हा प्रकाश आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं. कॅमेऱ्यास पुष्कळदां दिसतो. पाठीमागच्या कॅमेऱ्यांतून दिसला नाहीं, तर समोरच्यांतून पाहावा.

(आ) तबकडींतील दोष. एका तबकडीवरून यंत्राविषयीं निकाल देणें म्हणजे एकाच साक्षीदारावर खटला निकालांत काढणें होय. घरीं दोन तबकड्या नमुन्यासाठीं वेगळ्या ठेवाव्या : एक कारखान्यांत छापलेली चित्रपटाची डी. व्ही. डी., व एक गाण्यांची सी. डी. दोन्ही चालत असून तिसरीच अडत असेल, तर दोष त्या तिसरींत आहे.

तबकडी उजेडांत तिरपी धरून पाहावी. बोटांचे ठसे, तेल, किंवा चहाचा ओघळ असेल, तर मऊ सुती फडकें किंचित् ओलें करून तिनें पुसावी. पुसतांना हात मध्यापासून कडेकडे सरळ न्यावा. गोल फिरवूं नये. ह्याचें कारण वर सांगितलेल्या गणितांत आहे. मध्यापासून कडेकडे जाणारा ओरखडा प्रत्येक वेढ्याला आडवा जातो, म्हणून एका वेढ्याचा थोडाच भाग नासतो व तो सांवरला जातो. वेढ्याच्या दिशेनें गेलेला गोल ओरखडा मात्र एकाच रेषेचा लांब भाग नष्ट करितो, व तेथें गणिताचें कांहीं चालत नाहीं. वर्तुळाकार पुसण्यानें आपण नेमके तसलेच ओरखडे निर्माण करितों.

चित्र कोठें अडतें ह्यावरूनहि बोध होतो. नोंद मध्यापासून कडेकडे जाते, म्हणून एकपदरी तबकडीवरील चित्रपट शेवटीं शेवटीं अडत असेल, तर मळ कडेजवळ शोधावा. तबकडी आपण कडेलाच धरतों, आणि ठसे तेथेंच पडतात. दोन थरांच्या तबकडींत चित्रपटाच्या मध्यावर क्षणभर चित्र थांबतें. तेव्हां भिंग एका थरावरून दुसऱ्यावर जात असतें. हा दोष नव्हे, व त्यावर उपायहि नाहीं.

घरगुती प्रसंगांच्या तबकड्या छापलेल्या नसतात, तर लिहिलेल्या असतात. त्यांत खळग्यांच्या ऐवजीं रंगद्रव्याचा थर असून लेसरनें त्यावर खुणा केलेल्या असतात. हें रंगद्रव्य ऊन व उष्णता ह्यांनीं कालांतरानें विटतें. म्हणून अशी तबकडी खिडकींत, मोटारींत, किंवा टी. व्ही. वर उघडी ठेवूं नये. डबींत घालून, उभी, थंड व कोरड्या जागीं ठेवावी. तिच्यावर चिकट कागद लावूं नये, आणि टोंकदार लेखणीनें लिहूं नये.

(इ) यंत्राच्या आंतील दोष. येथवर शोध केल्यावरहि कारण सांपडलें नाहीं, तरच यंत्राकडे वळावें. लक्षणांवरून दोष ओळखण्याचीं कांहीं गमकें येथें देतों.

दिवा मुळींच लागत नाहीं, किंवा लुकलुकून विझतो, अथवा दहा वेळां प्रयत्न केल्यावर एकदां यंत्र सुरू होतें : बहुधा वीजपुरवठ्याच्या पट्टीवरील कपॅसिटर निकामी झालेला असतो. निरोगी कपॅसिटराचा माथा सपाट असतो; बिघडलेल्याचा पुष्कळदां फुगून वर येतो. हा भाग अगदीं स्वल्प मोलाचा असतो, आणि जाणता कारागीर तो थोड्या वेळांत बदलतो.

ट्रे उघडतांना गुणगुण आवाज होतो पण तो हालत नाहीं, किंवा अर्ध्यावर अडतो : रबरी पट्टा सैल झाला आहे. तो बदलावा.

गाण्यांची सी. डी. चालते पण डी. व्ही. डी. चालत नाहीं, अथवा छापलेली तबकडी चालते पण लिहिलेली चालत नाहीं : भिंगावर धूळ बसली आहे, किंवा लेसर क्षीण झाला आहे. लिहिलेल्या तबकडीवरून प्रकाश कमी परततो, म्हणून लेसर थकूं लागला म्हणजे ती आधीं नाकारली जाते. प्रथम भिंग स्वच्छ करवून पाहावें. लेसर पालटण्याचा विचार त्यानंतर करावा. कांहीं कारागीर लेसरच्या भागावरील लहानसा स्क्रू फिरवून त्याची शक्ति वाढवितात. यंत्र चालूं लागतें व गिऱ्हाईक संतुष्ट होतें. परंतु तो लेसर त्यायोगें लवकरच संपतो. थकलेल्या बैलाला चाबूक मारल्यानें तो चार पावलें धांवेल, पण त्याचें बळ वाढत नाहीं.

पावसाळ्यांत, किंवा यंत्र थंड जागेंतून दमट जागीं आणल्यावर तबकडी वाचली जात नाहीं : भिंगावर दंव धरलें असावें. यंत्रांत तबकडी न घालतां तें एक-दोन तास तसेंच राहूं द्यावें.

४. एक इशारा

विद्यार्थ्यांना आमचें आग्रहाचें सांगणें असें, कीं यंत्राची पेटी त्यांनीं स्वतः उघडूं नये. आपल्या घरची वीज २३० व्होल्टांची. यंत्राच्या आंत ती एकमार्गी केली जाते, तेव्हां मोठ्या कपॅसिटरांत सुमारें ३२५ व्होल्टांपर्यंत दाब साठतो. प्लग काढला तरी हा सांठा लागलींच नाहींसा होईलच असें नाहीं. यंत्र मेलेलें दिसतें, पण कपॅसिटर जिवंत असूं शकतो. दुसरा धोका लेसरचा. बंद पेटींतील लेसरपासून डोळ्यांस अपाय नाहीं. पण उघडी पेटी चालू करून भिंगांत डोकावणें दृष्टीशीं खेळणें होय. ज्या उपायांत पेटी उघडावी लागते, ते सर्व शिकलेल्या कारागिराकडून करवावे. आम्ही दोषांचीं लक्षणें सांगितलीं तीं अशासाठीं, कीं कारागिरापुढें आपण मुक्यानें उभें राहूं नये. "यंत्र चालत नाहीं" असें न म्हणतां, "सी. डी. चालते, छापलेली डी. व्ही. डी. चालते, लिहिलेली मात्र चालत नाहीं" असें जो सांगतो, त्याचें काम लवकर होतें व त्याला फसविणें कठीण जातें.

५. एक उदाहरण

ह्या क्रमाचा उपयोग कसा होतो हें दाखविण्यास आमच्या पाहण्यांतील एक हकीकत पुरेशी आहे. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील तो लहान असतांनाच वारले. धाकट्या आत्याच्या लग्नांत त्यांनीं एक गीत म्हटलें होतें, आणि त्या लग्नाची तबकडी घरीं होती. वडिलांचा आवाज तेवढ्याच एका ठिकाणीं उरला होता. एके दिवशीं यंत्रानें ती तबकडी नाकारली. बाजारांतील एका दुकानदारानें लेसर संपल्याचें सांगितलें, व सुधारणेचा जो आंकडा सांगितला तो त्या घराच्या महिन्याच्या किराण्याएवढा होता. मुलाची आई आम्हांस म्हणाली, "सर, यंत्र गेलें तर जाऊं द्या, पण तेवढा त्यांचा आवाज राहूं द्या."

आम्हीं त्या मुलाकडून वरील क्रमानें परीक्षा करविली. तारा ठीक होत्या. गाण्यांची सी. डी. चालली. शेजाऱ्यांकडील चित्रपटाची छापलेली डी. व्ही. डी. शेवटपर्यंत चालली. लग्नाची तेवढी अडली. तबकडी उजेडांत धरली, तेव्हां तिच्यावर बोटांचे ठसे स्पष्ट दिसले. मुलानें ती मध्यापासून कडेकडे हलक्या हातानें पुसली. पुन्हां घातली, तेव्हां यंत्रानें ती ओळखली. चित्र मधून मधून थबकत होतें, पण चालत होतें. ह्याचा अर्थ तबकडीचें रंगद्रव्य उतरणीस लागलें होतें, आणि यंत्राचा लेसरहि पूर्वींइतका तरुण नव्हता. अशा वेळीं यंत्रावर पैसा खर्चून पुनः पुनः तीच तबकडी फिरवीत बसणें शहाणपणाचें झालें नसतें. शाळेंतील संगणकाला तबकडी वाचणारें बाहेरचें यंत्र जोडलें होतें. त्यांत ती घातली, आणि पाऊण तासाच्या धीम्या वाचनानंतर सर्व नोंद संगणकांत उतरली. तिच्या दोन प्रती करून एक घरीं व एक आत्याच्या घरीं ठेविली. त्या कुटुंबाचा एक पैसाहि खर्च झाला नाहीं. दुकानदाराचें निदान खरें होतें कीं खोटें, हा वाद करण्याची मग गरजच उरली नाहीं.

६. सुधारावें कीं टाकावें

ह्या उदाहरणावरून निर्णयाचें सूत्र सांपडतें. दोष बाहेरचा असेल, अथवा कपॅसिटर, रबरी पट्टा, रिमोट, तार अशा किरकोळ भागांचा असेल, तर यंत्र अवश्य सुधारावें. लेसर संपला असेल, तर सुधारणेचा खर्च व तशाच चालू स्थितींतील जुन्या यंत्राची किंमत ह्यांची तुलना करावी. नव्याच्या किंमतीच्या निम्म्याहून अधिक खर्च सुधारणेंत घालणें बहुधा फायद्याचें होत नाहीं. मुख्य पट्टीच जळली असेल, तर मोह सोडावा.

परंतु कोणताहि निर्णय झाला तरी एक काम त्याच्या आधीं करावें. घरांतील ज्या तबकड्या पुन्हां विकत मिळणार नाहींत, त्या वेगळ्या काढाव्या व त्यांच्या प्रती करून घ्याव्या. चित्रपटाची तबकडी गेली, तर तो चित्रपट अन्यत्र पाहतां येतो. आजीच्या वाढदिवसाची तबकडी गेली, तर जगांतील कोणत्याहि दुकानांत ती मिळत नाहीं. प्रत करतांच ती आरंभापासून अखेरपर्यंत एकदां पाहावी. न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे. प्रती दोन कराव्या आणि दोन निराळ्या घरीं ठेवाव्या. हें काम पुढें ढकलूं नये, कारण तबकडी विटते आहे, तिला वाचणारीं यंत्रें कमी होत आहेत, आणि तीं सुधारणारे कारागीरहि दुसऱ्या धंद्यांकडे वळत आहेत.

आणि अखेरीस यंत्र टाकावयाचें ठरलें, तर तें उकिरड्यावर टाकूं नये किंवा जाळूं नये. त्याच्या पट्ट्यांवरील डागांत शिसें असूं शकतें, आणि प्लॅस्टिक जाळल्यानें विषारी धूर होतो. अशा वस्तूंच्या विल्हेवाटीसाठीं सरकारनें २०२२ सालीं केलेले ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले आहेत. अधिकृत संग्राहकाच्या हवालीं यंत्र करणें हाच योग्य मार्ग होय.

विद्यार्थिमित्रांनो, यंत्रें येतात आणि जातात. व्हिडिओ कॅसेट गेली, व्हिडिओ सी. डी. गेली, डी. व्ही. डी. जाण्याच्या मार्गावर आहे, आणि आज तुमच्या हातीं जें आहे तेंहि एक दिवस जाईल. प्रत्येक यंत्राचे दोष निराळे असतील; परंतु परीक्षेची रीत हीच राहील. आधीं बाहेर पाहावें, मग आंत पाहावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. जें दिसलें तें लिहून ठेवावें. आणि यंत्र व त्यांतील ठेव ह्यांपैकीं अधिक मोलाचें कोणतें, ह्याचा विसर पडूं देऊं नये. येत्या सुट्टींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरचें कपाट उघडून तबकड्यांची यादी करावी, आणि ज्यांवर घरच्या माणसांचीं नांवें आहेत त्या प्रथम हातीं घ्याव्या.